परीक्षेनंतरचा अभ्यास

2011 मध्ये ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नावाजलेल्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वीस विद्यार्थ्यांपैकी काहींना बीटल्सचं ‘व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर’ हे गाणं ऐकवलं आणि बाकीच्यांना विंडोज 7 सोबत आपसूक मिळणारी ‘कलिंबा’ ही धून. नंतर सगळ्यांना जन्मतारीख विचारली. वडिलांच्या वयातला फरक हिशेबात धरून गणित मांडलं, तेव्हा बीटल्स ऐकणाऱ्यांचं सरासरी वय 20.1 वर्षं निघालं आणि कलिंबा ऐकणाऱ्यांचं 21.5. म्हणजे गाणं ऐकून माणसं जवळजवळ दीड वर्षानं लहान झाली. त्यांना तसं वाटलं एवढंच नव्हे, ती खरोखरच लहान झाली!

यातले विद्यार्थी खरे होते, आकडे खरे होते आणि गणितही चोख होतं. निष्कर्ष अशक्य आहे हे जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि युरी सायमनसन या लेखकांना अर्थातच ठाऊक होतं. तो तसा निघावा म्हणूनच तर सगळा खटाटोप होता. मानसशास्त्रात रोज वापरल्या जाणाऱ्या, कुणालाही गैर न वाटणाऱ्या सवलती घेतल्या तर काय काय सिद्ध करता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं.

त्यांनी प्रयोगाची हकिगत आधी रीतसर, म्हणजे अर्धवट, सांगितली आणि मग झाकलेलं सगळं उघडं केलं. विद्यार्थ्यांना फक्त वडिलांचं वय विचारलेलं नव्हतं. आईचंही विचारलं होतं. शंभराचं वर्गमूळ किती, राजकीय कल कुठला, जुने दिवस चांगले होते असं तुम्ही किती वेळा म्हणता, कॅनडाच्या कुठल्या फुटबॉलपटूला अमुक पुरस्कार मिळाला असेल, असंही बरंच काही. त्यातला वडिलांच्या वयाचा आकडा गणितात घातल्यावर हवा तो निकाल मिळाला, म्हणून लेखात तेवढाच आला. तिसऱ्या एका गटाला लहान मुलांचं गाणं ऐकवलं होतं, तो गट गाळला. शिवाय किती विद्यार्थी घ्यायचे हे आधी ठरवलेलंच नव्हतं. साधारण दहा-दहा जण झाले की गणित करून बघायचं आणि जमलं की थांबायचं. मनासारखा छापा पडेपर्यंत नाणं उडवत राहायचं आणि आधीच्या काट्यांची वाच्यता करायची नाही, असला हा प्रकार.

मानसशास्त्रात रूढ संकेत असा, की प्रत्यक्षात काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल, तर तो ग्राह्य मानायचा. या तिघांनी संगणकावर निरर्थक आकडे तयार करून त्यांवर अशा चार सवलती एकत्र वापरल्या. ‘शोध’ लागण्याचं प्रमाण पाचावरून थेट 60.7 टक्क्यांवर गेलं.

त्याच वर्षी डॅरिल बेम यांचा लेख प्रसिद्ध झाला. कॉर्नेल विद्यापीठातले हे ज्येष्ठ, मानाचे मानसशास्त्रज्ञ. हजाराहून अधिक जणांवर केलेल्या नऊ प्रयोगांचा हा लेख या विषयातल्या आघाडीच्या जर्नलमध्ये आला होता आणि त्यातल्या आठ प्रयोगांतून म्हणे माणसाला भविष्याची चाहूल लागते असं दिसत होतं. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना पडद्यावर एकामागून एक 48 शब्द दाखवले आणि आठवतील तेवढे लिहायला सांगितलं. परीक्षा संपली. त्यानंतर संगणकानं यदृच्छेनं 24 शब्द निवडले आणि तेवढ्यांचाच सराव करून घेतला. बेम यांच्या आकड्यांनुसार, ज्यांचा सराव नंतर व्हायचा होता ते शब्द विद्यार्थ्यांना आधीच जास्त आठवले होते. परीक्षेनंतर अभ्यास करून परीक्षेत मार्क वाढतात, हे कळल्यावर कोणता विद्यार्थी खूश होणार नाही?

बेम यांनी लबाडी केली असं म्हणणं अन्यायाचं होईल. डिडेरिक स्टापेल या डच प्राध्यापकानं आकडे चक्क पदरचे घातले होते, ते प्रकरणही 2011 मध्येच उघडकीला आलं. पण ती सरळ सरळ फसवणूक. बेम यांची गोष्ट जास्त अस्वस्थ करणारी आहे, कारण ते शिकवल्याबरहुकूम वागले होते आणि तसं इतरांनाही शिकवत होते. शोधनिबंध कसा लिहावा यावर 1987 मध्ये त्यांनी लिहिलेलं प्रकरण पुढे विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचलं. त्यांचा सल्ला असा होता, की प्रयोग आखताना जो लेख मनात होता तो लिहू नका, निकाल पाहिल्यावर जो सर्वांत सुसंगत वाटेल तो लिहा. आधी कळस मग पाया, हीच रीत. नॉर्बर्ट कर यांनी 1998 मध्येच या सवयीवर बोट ठेवलं होतं, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

स्टुअर्ट रिची, रिचर्ड वाइजमन आणि क्रिस्टोफर फ्रेंच यांनी ब्रिटनमध्ये तीन ठिकाणी हा सरावाचा प्रयोग जसाच्या तसा करून पाहिला. हाती काहीच लागलं नाही. मूळ जर्नलनं त्यांचा लेख परत पाठवला. आम्ही पुनरावृत्तीचे प्रयोग छापत नाही, हे त्यांचं धोरण! पडताळणी हा विज्ञानाचा आत्मा, असं शाळेत आपल्याला शिकवतात. पडताळणी करणाऱ्याला जागा कुठे मिळते, हे मात्र सांगत नाहीत.

मग खुद्द पडताळणीचीच मोहीम निघाली. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ब्रायन नोसेक यांच्या पुढाकारानं 270 संशोधकांनी तीन जर्नलांतले, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेले 100 अभ्यास पुन्हा केले. ऑगस्ट 2015 मध्ये ‘सायन्स’मध्ये निकाल आला. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्के यशस्वी होते, पुनरावृत्तीत 36 टक्के उरले. आणि दिसलेल्या परिणामांचा आकार सरासरीनं निम्म्यावर आला.

यावर निघालेला उपाय दिसायला अगदी साधा आहे. प्रश्न कोणता, माणसं किती, काय मोजणार आणि कुठलं गणित करणार, हे प्रयोगाआधीच लिहून तारखेसह नोंदवून ठेवायचं. औषधांच्या चाचण्यांना ही शिस्त आधीच लागली होती. भारतात 2009 पासून तशी नोंदणी सक्तीची आहे. कार्डिफ विद्यापीठाचे क्रिस चेंबर्स यांनी ‘कॉर्टेक्स’ या जर्नलमध्ये 2013 मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. परीक्षकांनी आराखडाच तपासायचा आणि तो पसंत पडला तर निकाल काहीही लागो, लेख छापण्याची हमी द्यायची. याचा परिणाम 2021 च्या एका पाहणीत दिसला. नेहमीच्या लेखांत गृहीतक खरं ठरण्याचं प्रमाण 96 टक्के होतं, तर आधी मंजूर झालेल्या आराखड्यांत 44 टक्के. मला या सगळ्या प्रकरणात हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. मानसशास्त्रज्ञ एकाएकी मठ्ठ झाले नव्हते; चुकलेले अंदाज पहिल्यांदाच छापले जात होते.

भविष्याचा दावा जाहीर अटींवर तपासण्याचं काम पुण्यातही झालं आहे. 2008 मध्ये जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या. त्यांवर सांकेतिक क्रमांक घातले आणि ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस देऊन कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. उत्तरं पाठवलेल्या 27 ज्योतिषांचं सरासरी यश 46 टक्के होतं.

बेम यांच्या दाव्याचा निकाल लागायला मात्र तो प्रसिद्ध झाल्यापासून बारा वर्षं लागली. त्यांचा पहिला प्रयोग असा होता, की संगणकावर दोन पडदे दिसतात, त्यांपैकी एकामागे चित्र असतं, ते कुठे ते ओळखायचं; प्रत्यक्षात चित्राची जागा उत्तर दिल्यानंतर ठरते. कामोत्तेजक चित्रांच्या बाबतीत बेम यांच्या विद्यार्थ्यांची उत्तरं 53.1 टक्के वेळा बरोबर आली होती. हंगेरीचे झोल्टान केकेच यांनी हा प्रयोग पुन्हा करायचं ठरवलं, तेव्हा आराखड्यासाठी 29 तज्ज्ञांचं मंडळ जमवलं आणि त्यात अतींद्रिय शक्ती मानणारे नि न मानणारे असे दोघेही मुद्दाम घेतले. पद्धत न्याय्य आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत झाल्यावरच काम सुरू झालं. नंतर हातचलाखीचा संशय नको म्हणून प्रत्येक उत्तर नोंदलं जाताच जाहीर साठ्यात जमा होत होतं. नऊ देशांतल्या दहा प्रयोगशाळांमध्ये 2,115 जणांनी मिळून कामोत्तेजक चित्रांसाठी 37,836 वेळा पडदा निवडला. त्यातली 49.89 टक्के उत्तरं बरोबर आली.