न्याहाळक विस्तारकांच्या अद्यतन-सूचना

न्याहाळक विस्तारकांच्या अद्यतन-सूचना म्हणजे न्याहाळकाला, अर्थात ब्राउझरला, जोडलेल्या एखाद्या विस्तारकाची नवी आवृत्ती बसल्यावर वापरकर्त्याने न मागताच समोर येणाऱ्या सूचना होत. नवा टॅब उघडून दाखवलेले 'नवीन काय' हे पान, पडद्याच्या कोपऱ्यात झळकणारा संदेश आणि विस्तारकाच्या चिन्हावर दिसणारा ठिपका किंवा अंक ही त्यांची नेहमीची रूपे आहेत. अशा सूचना थांबवणे आणि अद्यतन थांबवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्यास वापरकर्त्याची सुरक्षितता धोक्यात येऊ शकते.

== पार्श्वभूमी ==
विस्तारक म्हणजे न्याहाळकात नसलेली सोय पुरवणारी छोटी आज्ञावली. जाहिराती अडवणे, परवलीचे शब्द जपणे, शब्दार्थ दाखवणे, मराठी टंकलेखन करणे अशा कामांसाठी विस्तारक वापरले जातात. २००४ साली प्रकाशित झालेल्या फायरफॉक्सच्या लोकप्रियतेत विस्तारकांचा मोठा वाटा होता. गूगल क्रोमच्या स्थिर आवृत्तीत ही सोय जानेवारी २०१० मध्ये आली. क्रोम दर काही तासांनी विस्तारकांच्या नव्या आवृत्त्यांचा शोध घेतो आणि त्या आपोआप बसवतो. फायरफॉक्सही मूळ मांडणीनुसार हेच काम नियमितपणे करतो. त्यामुळे अद्यतनाचा क्षण वापरकर्त्याच्या हाती नसतो.

== तांत्रिक कारण ==
विस्तारक बसवला गेला किंवा अद्ययावत झाला, की न्याहाळक त्याची वर्दी विस्तारकाला देतो. या वर्दीत बसवणी पहिलीच आहे की अद्यतन झाले आहे आणि आधीची आवृत्ती कोणती होती, हा तपशील असतो. विकासकाला त्या क्षणी नवा टॅब उघडता येतो. केवळ टॅब उघडण्यासाठी विस्तारकाला वेगळी परवानगी लागत नाही, म्हणूनच ती नाकारण्याचा पर्यायही वापरकर्त्यासमोर येत नाही. कोपऱ्यातील संदेशांसाठी मात्र विस्तारकाला सूचनांची परवानगी आधी घोषित करावी लागते.

एकाच व्यक्तीच्या दोन संगणकांवर तोच विस्तारक असल्यास वर्दी दोन्हीकडे स्वतंत्रपणे जाते आणि तेच पान दोनदा उघडते. बंद करताच मूळ स्थितीवर येणाऱ्या शालेय प्रयोगशाळेतील संगणकांवर झालेले अद्यतन पुसले जाते. परिणामी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा होते आणि पानही पुन्हा उघडते.

== परिणाम ==
अचानक उघडलेला टॅब पुढे येतो आणि टंकलेली अक्षरे मूळ पानाऐवजी भलतीकडे जातात. मूळ पानावरील मजकूर त्याने पुसला जात नाही, पण गोंधळून चुकीचा टॅब बंद केल्यास अर्धवट भरलेला अर्ज गमावण्याची शक्यता असते.

महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचे अर्ज 'महाडीबीटी'वर, तर अनेक दाखल्यांचे अर्ज 'आपले सरकार' या संकेतस्थळावर भरले जातात. अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात लागू झाली. त्यामुळे धाराशिव जिल्ह्यातील उमरगा यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही विद्यार्थ्यांची महत्त्वाची कामे न्याहाळकातूनच होतात. सेवा केंद्रातील एकच संगणक अनेकांच्या उपयोगी पडत असल्यास त्यावरील विस्तारक कोणी व कशासाठी बसवला, हे समोर बसलेल्याला ठाऊक असतेच असे नाही. अशा वेळी आलेली सूचना खरी की खोटी, हे ओळखणे अधिक कठीण जाते.

== खऱ्या आणि बनावट सूचना ==
'न्याहाळक जुना झाला आहे, त्वरित अद्ययावत करा' असे सांगून धारिका उतरवून घ्यायला लावणारी पाने ही फसवणुकीची जुनी रीत आहे. विस्तारकाची अद्यतने न्याहाळक स्वतःच आणतो. त्यासाठी कोणत्याही संकेतस्थळावरून धारिका उतरवावी लागत नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी बहुतेक बनावट सूचना ओळखता येतात.

कोपऱ्यातील पुष्कळ संदेश विस्तारकाचे नसून, कधीतरी 'परवानगी द्या' हे बटण दाबलेल्या संकेतस्थळाचे असतात. अशा संदेशावर त्या संकेतस्थळाचा पत्ता दिसतो. भारतात ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर करता येते.

== उपाययोजना ==
* स्रोत ओळखणे : उघडलेल्या पानावर कोणत्या विस्तारकाचे नाव आहे ते पाहावे. उलगडा न झाल्यास विस्तारकांच्या व्यवस्थापन पानावर जाऊन एकेक विस्तारक तात्पुरता बंद करून पाहता येतो.
* विस्तारकाच्या मांडणीत बदल : अनेक विस्तारकांच्या पर्यायांत 'अद्यतनानंतर पान दाखवा' अशा अर्थाची खूण असते. ती काढल्यास अद्यतने चालू राहतात आणि पान उघडणे थांबते. उपलब्ध असल्यास हा सर्वांत निर्धोक उपाय होय.
* संकेतस्थळांच्या सूचना बंद करणे : न्याहाळकाच्या सेटिंग्जमधील साइट सेटिंग्जमध्ये सूचनांची परवानगी मिळालेल्या संकेतस्थळांची यादी असते. अनोळखी नावे तेथून काढता येतात.
* संगणकाच्या पातळीवर सूचना थांबवणे : विंडोजच्या सेटिंग्जमधून न्याहाळकाच्या सर्व सूचना बंद करता येतात. मात्र त्यामुळे उपयुक्त सूचनाही दिसेनाशा होतात, शिवाय टॅब उघडणे थांबत नाही.
* अनावश्यक विस्तारक काढून टाकणे : विस्तारक जितके कमी, तितक्या सूचनाही कमी आणि धोकाही कमी.

== अद्यतन बंद करण्यातील धोका ==
फायरफॉक्समध्ये प्रत्येक विस्तारकाचे स्वयंचलित अद्यतन वेगळे बंद करता येते. क्रोममध्ये वेब स्टोअरवरून घेतलेल्या विस्तारकांसाठी सामान्य वापरकर्त्याला असे बटण दिलेले नाही. सूचनांना कंटाळून अद्यतन थांबवल्यास सुरक्षेतील त्रुटींची दुरुस्तीही थांबते.

याची दुसरी बाजूही आहे, कारण अद्यतनाच्या वाटेने घातक बदलही येऊ शकतो. टॅब निद्रिस्त करणारा 'द ग्रेट सस्पेंडर' हा लोकप्रिय विस्तारक २०२० मध्ये मूळ विकासकाकडून दुसऱ्याच्या हाती गेला. त्यात घातक आज्ञावली असल्याचे कारण देऊन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो हटवला. डिसेंबर २०२४ मध्ये 'सायबरहेवन' या सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्याला फसव्या ई-पत्राने गोवून हल्लेखोरांनी तिच्या विस्तारकाची बाधित आवृत्ती प्रकाशित केली. ती वापरकर्त्यांकडे नेहमीच्या अद्यतनाप्रमाणेच पोहोचली.

म्हणून एक सूचना कधीही न वाचता मिटवू नये. ती म्हणजे विस्तारक नव्या परवानग्या मागत असल्याची सूचना. अशा वेळी क्रोम संमती मिळेपर्यंत विस्तारक बंद ठेवतो, तर फायरफॉक्स जुनीच आवृत्ती चालू ठेवतो. शब्दार्थ दाखवणारा विस्तारक एकाएकी सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची परवानगी मागू लागल्यास त्याचे कारण तपासणे आवश्यक ठरते.

== विकासकांसाठी संकेत ==
क्रोम वेब स्टोअरच्या धोरणानुसार सूचनांद्वारे जाहिराती किंवा नको असलेले संदेश पाठवण्यास मनाई आहे. याखेरीज किरकोळ दुरुस्तीसाठी पान न उघडणे, मोठ्या बदलाचे पान मागील बाजूच्या टॅबमध्ये उघडणे, केवळ चिन्हावर ठिपका दाखवणे आणि वाचलेल्या आवृत्तीची नोंद वापरकर्त्याच्या सर्व संगणकांसाठी एकत्र ठेवणे हे सौम्य पर्याय विकासकांना उपलब्ध आहेत.

== हे सुद्धा पहा ==
* न्याहाळक
* संगणक सुरक्षा
* फिशिंग