शोधक आणि गोदी : एका आज्ञावलीची वाटणी

जयपूर शहरात अजमेरच्या बाजूने शिरणाऱ्या प्रवाशास सोडाला नावाचा दाट वस्तीचा भाग लागतो. येथे अजमेर रस्त्यावर वाहतुकीचे तीन मजले झालेले आहेत. तळाशी दुकानांपुढून जाणारा जुना रस्ता, त्यावर खांबांनी उचलून धरलेला मोटारींचा मार्ग आणि त्याच्याही वर, 3 जून 2015 पासून, मेट्रोगाडी. भाजी घ्यावयास निघालेला मनुष्य आणि थेट स्टेशन गाठावयाचे असलेला मनुष्य हे दोघे एकाच दिशेने चाललेले दिसले, तरी त्यांची घाई सारखी नसते. एकाच वाटेवर त्यांना कोंडले, तर दोघांचाही खोळंबा होतो. संगणकाच्या पडद्यावर दोन कामांच्या बाबतीत नेमका असाच प्रसंग 2009 च्या सुमारास उद्भवला होता.

संगणकाने कोणते काम कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. हव्या त्या आज्ञावलीस हाक मारण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत म्हणजे कळफलकावर तिच्या नावाची दोन-तीन अक्षरे लिहावयाची, की उरलेले संगणकाने ओळखावयाचे. अशा शोधकास लाँचर हे नाव आहे. दुसऱ्या रीतीत पडद्याच्या कडेस चित्रखुणांची एक पट्टी मांडलेली असते व हव्या त्या चित्रावर माउसने टिचकी मारावयाची असते. या पट्टीस डॉक म्हणतात. डॉक म्हणजे गोदी. नांगर टाकलेली जहाजे धक्क्याला ओळीने लागावीत, तशी येथे चित्रे उभी असतात. 1989 साली नेक्स्टस्टेप या प्रणालीत अशी पट्टी होती आणि तिचाच वारसा पुढे मॅकिंटॉश संगणकाकडे गेला.

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांसाठी डेव्हिड सीगल यांनी 2007 साली ‘ग्नोम डू’ नावाचा शोधक रचला. मॅकिंटॉशवरील क्विकसिल्व्हर हा त्याचा आदर्श होता. यात आधी वस्तूचे नाव लिहावयाचे व मग तिचे काय करावयाचे ते सांगावयाचे. उदाहरणार्थ, प्रथम एखादे टिपण निवडावयाचे, नंतर ‘उघड’ किंवा ‘पाठव’ ही क्रिया. आधी कर्म व अखेरीस क्रियापद, हा क्रम मराठी वाक्याचाच होय. इंग्रजी बोलणाऱ्यांनी तो पत्करावा, याची भाषेच्या अभ्यासकास गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

2009 च्या प्रारंभी याच आज्ञावलीस ‘डॉकी’ नावाचे नवे रूप देण्यात आले. पडद्याच्या तळाशी चित्रखुणांची पट्टी दिसे; विशिष्ट कळा दाबताच तीच पट्टी पालटून तिच्या जागी शोधाच्या चौकटी येत. शोधक कोणती आज्ञावली वारंवार मागितली जाते याची नोंद ठेवीतच असे. त्या नोंदीवरून नेहमीची चित्रे पट्टीत आपोआप येऊन बसत. एका घरातील दोन भाऊ एकमेकांच्या कमाईवर सुखाने राहावेत, तसा हा संसार होता, आणि तो पुष्कळांना आवडला.

मग वेगळी चूल मांडण्याचे कारण काय? कारण या दोन कामांच्या स्वभावात आहे. पट्टीला सदैव जागे राहावे लागते. खिडकी उघडली वा मिटली, माउस जवळ आला, की तत्क्षणी चित्र पुन्हा रेखाटावयाचे; क्षणाचा विलंबही डोळ्यांस जाणवतो. शोधक मात्र हाक येईपर्यंत निजलेला बरा. जागा झाला, की त्याला फायली, पत्ते, वाचनखुणा अशा शेकडो नोंदी चाळावयाच्या असतात आणि त्यासाठी परक्यांनी लिहिलेली अनेक जोडकामे बरोबर बाळगावी लागतात. दोन्ही कामे एकाच आज्ञावलीत असताना एखादे जोडकाम कोसळून ती बंद पडली, तर पट्टीही पडद्यावरून नाहीशी होते. ज्याला केवळ पट्टी हवी, त्यालाही शोधकाचा सारा भार संगणकाच्या स्मृतीत वाहावा लागतो. शिवाय पट्टीतील एखादा दोष दुरुस्त झाला, तरी ती दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हाती पडण्यास संपूर्ण आज्ञावलीच्या नव्या आवृत्तीची वाट पाहणे आले. फावल्या वेळात विनामूल्य राबणाऱ्या मोजक्या रचनाकारांना हे ओझे थोडेथोडके नसते.

2010 साली डॉकीची दुसरी आवृत्ती स्वतंत्र आज्ञावली म्हणून प्रसिद्ध झाली. वाटणी झाली, की दोन घरांना दोन चुली लागतात. दोन्ही आज्ञावल्या सी-शार्प भाषेत लिहिलेल्या. त्या चालविणारी ‘मोनो’ ही यंत्रणा आता दोघींसाठी निरनिराळी सुरू करावी लागे. वारंवार वापराची नोंद शोधकाच्या घरी राहिली आणि पट्टीला आपली चित्रे मांडण्यासाठी तिचा आधार उरला नाही. हा तोटा खराच होता. वाटणीचे गुणगान करणारे त्याचा उच्चार करीत नाहीत, हे मला योग्य वाटत नाही. सोडाल्यातही मेट्रोने जाणाऱ्यास जिना उतरून पुन्हा खालच्या रस्त्यावर यावेच लागते. वेगळ्या झालेल्या आज्ञावल्यांसाठी असा जिना म्हणजे डी-बस, एकमेकींस निरोप पोहोचविण्याची लिनक्सवरील सामाईक सोय. डॉकीने तिचा चांगला उपयोग केला. एखाद्या चित्रखुणेवर नवी माहिती दाखवावयाची झाल्यास बाहेरच्या लहान आज्ञावलीने डी-बसमार्फत निरोप धाडावा. ती लहान आज्ञावली बंद पडली, तरी पट्टी जागच्या जागी शाबूत राही.

वाटणीचा खरा परिणाम दिसावयास काही वर्षे लागली. ग्नोम डूची अखेरची आवृत्ती 2014 साली निघाली. त्यानंतर तिचे काम थांबले. पट्टी तिच्याच पोटात असती, तर तिचीही वाढ तेथेच खुंटली असती. परंतु तिचा वंश एव्हाना दुसरीकडे वाढू लागला होता. एलिमेंटरी ओएस या प्रणालीने 2011 मधील आपल्या पहिल्या आवृत्तीत डॉकी घेतली होती. डॉकीच्याच रचनाकारांच्या वर्तुळातून ‘प्लँक’ नावाची, व्हाला भाषेत नव्याने लिहिलेली अधिक साधी पट्टी पुढे आली आणि 2013 च्या आवृत्तीत तिने डॉकीची जागा घेतली. तेथे ती 2024 पर्यंत टिकली. त्या वर्षीच्या आठव्या आवृत्तीत एलिमेंटरीच्या मंडळींनी स्वतःची नवी पट्टी बसविली. शोधाची सोय तेथे आधीपासूनच निराळ्या आज्ञावलीत होती.