दाखला मिळाला; वर्गात जागा मिळाली का?

खारघरच्या चकचकीत 'इंटरनॅशनल' शाळेपासून माथेरानच्या पायथ्याला धोदाणीकडच्या वाड्यांवरच्या शाळांपर्यंत सगळं एकाच पनवेल तालुक्यात येतं. १८५२ पासून नगरपालिका असलेलं हे जुनं गाव ऑक्टोबर २०१६ मध्ये महापालिका झालं. खारघर, कामोठे, कळंबोली त्यात आले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी शेजारच्या विमानतळाचंही उद्घाटन झालं. त्यामुळे इथलं सहा वर्षांचं मूल आगरी शेतकऱ्याचं असेल, कातकऱ्याचं असेल, बिदरहून किंवा बिहारहून आलेल्या बांधकाम मजुराचं असेल, नाहीतर ऐरोलीच्या कंपनीत जाणाऱ्या इंजिनिअरचं असेल. कायद्याच्या लेखी या चौघांचा शाळेवरचा हक्क सारखाच. पण समानतेचा विषय निघाला की शाळेच्या फाटकाशी, पालकसभेत आणि कधीकधी मुख्याध्यापकांच्या खोलीतही काही ठरावीक वाक्यं कानावर पडतात. बोलणारी माणसं बहुतेक वेळा भलीच असतात, आणि म्हणूनच ही वाक्यं खोडून काढायचं कुणी मनावर घेत नाही.

"आमच्या शाळेत भेदभाव नाहीच"

भेदभाव म्हटलं की आपल्याला साताऱ्याच्या शाळेतला लहान भीमराव आठवतो. घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेला राहणारा. तसं आता होत नाही, म्हणजे भेदभाव संपला, असा हिशेब मांडला जातो.

शिक्षणहक्क कायद्याखाली (आरटीई) केंद्राने २०१० मध्ये केलेले नियम वाचले तर ते करणाऱ्यांना शाळा आतून ठाऊक होती असं वाटतं. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना वर्गात, दुपारच्या जेवणात, मैदानावर, पिण्याच्या पाण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या वापरात वेगळं काढायचं नाही, हे त्यात आहेच. शिवाय वर्ग किंवा स्वच्छतागृह साफ करायचं काम देतानाही भेद करायचा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. झाडू नेमका कुणाच्या हातात जातो, हा प्रश्न नियमात घालावा लागला, यातच सगळं आलं.

कागदावरची समानता प्रत्यक्षात किती उतरते, हे पनवेलच्या या जिल्ह्याला सांगायला नको. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला होता. तरी १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं. आज त्याच जिल्ह्याला आपण रायगड म्हणतो.

आजच्या भेदभावाचा आवाज बारीक असतो. मोफत प्रवेशाच्या मुलांना वर्गात 'आरटीईवाले' म्हणून हाक मारणं. सहलीचे पैसे न भरलेल्यांना सगळ्यांसमोर उभं करणं. स्नेहसंमेलनात नाचाच्या पोशाखाची वर्गणी इतकी ठेवायची की काही मुलं आपोआप प्रेक्षकांत बसतील. घरची आगरी बोली तोंडून निघाली की 'नीट बोल' म्हणून गप्प करणं. यातल्या एकाही गोष्टीची नोंद कुठल्या तपासणी अहवालात होत नाही. शाळेत भेदभाव नाही असं ज्या मुख्याध्यापकांना वाटतं, त्यांनी एक आठवडा शेवटच्या बाकांवर कोण बसतं आणि कागद-कचरा उचलायला कुणाचं नाव घेतलं जातं, एवढंच टिपून ठेवावं.

"आधार नाही, दाखला नाही, मग प्रवेश कसा देणार?"

द्यायचाच आहे. कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. कलम ४ तर पुढे जाऊन सांगतं की शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात बसवा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्या. नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवून लाजवू नका, असा त्याचा अर्थ. शालेय प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं आहे.

तरी नवीन पनवेलच्या किंवा तळोज्याच्या बांधकामांवरून आलेली आई शाळेच्या दारातून परत का जाते? इथे मुख्याध्यापकाचीही बाजू ऐकायला हवी. शाळेत किती शिक्षक राहणार ते संचमान्यतेत ठरतं, आणि राज्याने ती मोजणी आधार जुळलेल्या विद्यार्थ्यांशी जोडली. आधार नसलेलं मूल वर्गात बसतं, पण शिक्षकाच्या पदासाठी ते मोजलंच जात नाही. चार महिन्यांनी बिऱ्हाड उठलं की पटातली संख्या घसरते, ते वेगळंच. म्हणजे कायदा सांगतो 'घ्या' आणि हिशेब सुचवतो 'टाळा'. हा दोष शाळेपेक्षा व्यवस्थेचा आहे, हे मान्य करावं. पण त्याची किंमत मुलाने का मोजावी?

"पंचवीस टक्क्यांतल्या मुलांचा खर्च आमच्या फीतून जातो आणि वर्गाचा दर्जाही घसरतो"

खारघर-कामोठ्याच्या सोसायट्यांमध्ये हे वाक्य इतक्या खात्रीने बोललं जातं की ते कुठल्या तरी कायद्यातच असावं. कायद्यात उलटं आहे. विनाअनुदानित खासगी शाळेने प्रवेशाच्या वर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांच्या फीची प्रतिपूर्ती सरकारने करायची. महाराष्ट्रात त्यासाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये हा दर ठरवण्यात आला होता. हे पैसे वर्षानुवर्षं थकतात अशी संस्थाचालकांची तक्रार आहे, आणि ती खोटी नाही. पण उधारी सरकारची आहे. तिचा राग सात वर्षांच्या मुलावर काढण्यात काय शहाणपण?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने वेगळीच वाट काढून पाहिली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा बदल नियमांत केला. पनवेलसारख्या दाट वस्तीच्या शहरात त्याचा अर्थ काय होणार, हे उघड होतं: बहुतेक खासगी शाळांची दारं बंद. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली, १९ जुलैला हा बदल रद्दच केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. त्यामुळे 'आरटीई आता बंद झालंय' ही अजून फिरणारी बातमीही खोटी आहे.

राहिला दर्जाचा प्रश्न. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या खासगी शाळांवर केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गरीब घरांतली मुलं वर्गात आल्यावर सधन मुलांवर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. सधन मुलांच्या हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम दिसला नाही. इंग्रजीत थोडी घट दिसली. मात्र ती मुलं अधिक उदार झाली, आणि खेळात जोडीदार निवडताना गरीब मुलांना टाळण्याचं त्यांचं प्रमाण कमी झालं. इंग्रजीतले दोन-चार गुण आणि माणूस ओळखायची सवय यांतलं काय वजनदार, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

आणखी एक, हे थेट आरटीईच्या पालकांसाठी: ही सवलत आठवीपर्यंतच असते. नववीची फी अंगावर येते तेव्हा अनेक घरांना ते पहिल्यांदा कळतं. आधीपासून माहीत असलेलं बरं.

"कातकऱ्यांनाच शिक्षण नको असतं"

या लेखातलं सर्वांत हट्टी वाक्य हेच. कर्नाळ्याच्या आसपास किंवा मालडुंग्याकडे गेलात तर चांगली सुशिक्षित माणसंही ते सहज बोलून जातात. पुरावा म्हणून शाळेचा हजेरीपट दाखवतात: जून ते दिवाळी मूल हजर, दिवाळीनंतर गायब.

दिवाळीनंतर वाडीत काय होतं ते बघा. पावसाळ्यात हाताला काम नसतं, घरात दाणे संपतात, तेव्हा वीटभट्टीचा किंवा कोळसाभट्टीचा मुकादम आगाऊ पैसे देऊन जातो. ती उचल फेडायला सगळं कुटुंब भट्टीवर जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. मागे वाडीत मुलांना सांभाळायला कुणी उरलेलंच नसतं. यात शिक्षणाची आवड-नावड कुठे आली? महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्यांची गणना होते, ती या अशा जगण्यामुळे. एकेकाळी जंगलात खैरापासून काथ काढून पोट भरणाऱ्या या लोकांचं जंगल गेलं. जमीन बहुतेकांकडे कधी नव्हतीच.

उपाय माहीत नाहीत असंही नाही. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, जेणेकरून मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला लगेच बसवून घ्यावं. कुटुंब भट्टीवर गेलं तरी मूल गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जुन्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडितांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवरच 'भोंगा शाळा' चालवल्या आणि शाळा भट्टीवर नेली तर मुलं शिकतात, हे दाखवून दिलं. त्या मुलांचे आईबाप कुणी वेगळे नव्हते.

शाळेच्या हातातलंही बरंच आहे. दिवाळीच्या आधी कोणती कुटुंबं निघणार आहेत याची यादी करायची, कार्ड हातात द्यायचं, जाणार त्या गावच्या शाळेला फोन करायचा, आणि मूल परत आलं की 'कुठे उलथला होतास?' असं न विचारता त्याला बाकावर बसवायचं. पहिलीच्या गुरुजींना कातकरी बोलीतले पन्नास शब्द येत असतील तर आणखी उत्तम. शिक्षण शक्यतो मातृभाषेतून असावं, असं कायद्याचं कलम २९ सांगतंच.

"अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात"

दिव्यांग मुलाच्या आईला हे वाक्य किती फाटकांवर ऐकावं लागतं, ते तिलाच विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे, आणि निवड त्याच्या बाजूची आहे, शाळेची नाही. या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमियासुद्धा त्यात आले. विशेष शिक्षकांची टंचाई खरी आहे. प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. पण 'शिक्षक आले की मूल घेऊ' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

पुष्कळ गोष्टींना विशेष शिक्षक लागतही नाही. कमी दिसणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवायला, कमी ऐकू येणाऱ्या मुलाशी फळ्याकडे पाठ करून बोलायला लागतो तो फक्त विचार. उतारही नीट बांधावा. त्याचं प्रमाण १:१२ असतं. दोन पायऱ्यांची उंची ३० सेंटिमीटर असेल तर उतार किमान ३.६ मीटर लांब हवा. अनेक ठिकाणी पायरीवर सिमेंटची घसरगुंडी ओतून 'रॅम्प केला' असं लिहिलेलं असतं. त्यावरून चाकाची खुर्ची चढवून दाखवावी.

अध्ययन अक्षमतेबद्दलही घाई नको आणि दुर्लक्षही नको. तिचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच मिळतं, कारण त्याआधी उशिरा शिकणं आणि न जमणं यांतला फरक सांगणं अवघड असतं. पण तिसरीतलं हुशार पोर अजूनही 'ब' आणि 'व' मध्ये अडखळत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी तपासणी करावी.

"मुलींचा प्रश्न आता राहिला नाही"

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले आणि त्याची बातमी झाली. ज्या चित्राची बातमी होते, ते अजून नेहमीचं झालेलं नसतं. एवढं पुरे.

या सगळ्यावर लक्ष ठेवायला शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली तर रोजंदारीवरची आई येणार नाही. ती संध्याकाळी किंवा रविवारी ठेवा, असा आग्रह धरा. आणि एखाद्या शाळेने तुमच्या किंवा तुमच्या ओळखीतल्या मुलाला प्रवेश नाकारला, वेगळं बसवलं, तर तोंडी वाद घालत बसू नका. कारण लेखी मागा. शहरात महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, ग्रामीण भागात पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे तिचा निकाल तीन महिन्यांत लागायला हवा, आणि तो पटला नाही तर राज्य बालहक्क आयोगाकडे अपील करता येतं.