शिक्का मारणारा हात

संगणकावरील खेळांत मारामारीपलीकडे कांहीं नसतें, असा समज पुष्कळ सुशिक्षित घरांतून आहे. लूकस पोप यांनीं २०१३ सालीं प्रसिद्ध केलेला ‘पेपर्स, प्लीज’ हा खेळ त्यास अपवाद होय.

अर्स्टोट्झ्का नामक काल्पनिक राष्ट्र, साल १९८२. सोडतींत नांव निघाल्यामुळें खेळणारा सरहद्दीच्या नाक्यावर तपासनीस होतो. कागदपत्रें पाहून प्रवेशाचा अगर नकाराचा शिक्का मारावयाचा, एवढेंच त्याचें काम. बिनचूक तपासलेल्या माणसामागें ५ क्रेडिट मिळतात. त्यांतच घरभाडें, अन्न आणि थंडीसाठीं इंधन भागवावयाचें. दिवसांतील पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढें दंड.

एके दिवशीं एक गृहस्थ येतो. त्याचे कागद यथास्थित असतात; मागोमाग आलेल्या पत्नीजवळ मात्र प्रवेशपरवाना नसतो. परत गेल्यास आपणांस ठार मारतील, असें ती सांगते.

नियम सरकारचा खरा. पण शिक्का मारणारा हात नागरिकाचा असतो, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. जुलमी राज्यकर्त्यांकडे बोट दाखवून मोकळें होण्याची सोय हा खेळ ठेवीत नाहीं. तपासनीस कांहीं दुष्ट नव्हे. त्याच्याहि घरीं पोर आजारी पडतें. तरी तिला आंत सोडणें त्याच्या हातीं असतें. त्या दिवशींची ती पहिली चूक असेल, तर ताकिदीवर निभावतें. तिसरी असेल, तर दंड ५ क्रेडिट.