गळ टाकणाऱ्याचे विज्ञान

अकोला जिल्ह्यातल्या नदीकाठच्या कोणत्याही शाळेत चौकशी करा, वर्गात दोन-चार मुले तरी गळ टाकणारी निघतीलच. पूर्णा, काटेपूर्णा, मोर्णा, वाण या नद्या पावसाळ्यात भरून वाहतात आणि उन्हाळ्यात डोहाडोहांत तुटतात. त्या डोहांवर बांबूची काठी, तंगूस, मोरपिसाच्या देठाची तरंडी आणि डब्यात ओल्या मातीतली गांडुळे एवढ्या सामानावर या मुलांची सुटी जाते. पुस्तकातल्या माशाचे अवयव त्यांना पाठ नसतील, पण शिंगट्याला कुठे धरायचे नाही हे ती बरोबर सांगतात.

या मुलांकडे नियमांची एक न लिहिलेली यादी असते. काठावर बोलायचे नाही. पाय आपटायचे नाहीत. पाण्यावर सावली पाडायची नाही. दुपारी यायचे नाही. हे सगळे नियम वडीलधाऱ्यांकडून आलेले आहेत आणि त्यांतले काही पूर्णपणे खरे, काही अर्धवट खरे आहेत. कोणता नियम कितपत खरा, हे वर्गात तपासता येते. भौतिकशास्त्राचे दोन-तीन धडे त्यात सहज निघून जातात.

पहिला नियम घ्या. "गुर्जी, पाय नका आपटू, मासोई पयते," असे वऱ्हाडी पोर म्हणते, ते अगदी बरोबर आहे. पण त्याच दमात ते बोलूही नका म्हणते, त्यात फारसे तथ्य नाही. हवेतून येणारा आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. हजारातला जेमतेम एक भाग पाण्यात शिरतो. हवा आणि पाणी यांच्या घनतेत आणि त्यांतल्या ध्वनीच्या वेगात (हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, पाण्यात सुमारे १५०० मीटर) फार मोठी तफावत असल्यामुळे असे होते. पाय आपटला की मात्र हादरा जमिनीतून थेट काठाच्या पाण्यात जातो, मध्ये हवा येतच नाही.

हे दाखवायला परातीत बोटभर पाणी घाला, ती वर्गातल्या फरशीवर खिडकीच्या उजेडात ठेवा आणि एका मुलाला दोन हातांवरून टाच आपटायला सांगा. पाण्यावर उठलेल्या लहरी सगळ्यांना दिसतील. मग त्याच मुलाला तिथूनच मोठ्याने पाढे म्हणायला लावा. पाणी स्थिर राहील. दुसरा प्रयोग पत्र्याच्या बादलीचा. एक कान बोटाने बंद करून दुसरा बादलीच्या बाहेरच्या बाजूला टेकवावा, आणि मित्राने पाण्याखाली दोन खडे एकमेकांवर हलकेच वाजवावेत. आवाज किती जवळून आल्यासारखा वाटतो ते मुलेच सांगतील. होडीच्या तळाशी डबा आपटला तर माशाला काय वाटत असेल, हे मग वेगळे समजावावे लागत नाही.

हा हादरा मासा दोन प्रकारांनी जाणतो. त्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ असते. तिला पार्श्वरेखा म्हणतात. जवळपासच्या पाण्याची हालचाल तिला कळते. रोहू किंवा कटल्याच्या खवल्यांवर ही रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते, बाजारातून आणलेल्या माशावर जरूर दाखवा. शिवाय माशाला कान असतात, फक्त ते डोक्याच्या आत असतात. रोहू, कटला, मृगळ आणि शिंगट्यासारखे मिशीवाले मासे यांच्यात पोटातला वाताशय आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचे वर्णन केले. वाताशय इथे नगाऱ्यासारखा काम करतो आणि हे मासे इतरांपेक्षा चांगले ऐकतात. पुढे कार्ल फॉन फ्रिश यांनी एका आंधळ्या मिशीवाल्या माशाला शीळ वाजली की खायला येण्याची सवय लावली, आणि १९२३ साली ती गोष्ट प्रसिद्ध केली. मासे बहिरे असतात असे तोवर पुष्कळ जण मानत होते. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते हेच फ्रिश.

सावलीचा नियम खरा आहे, पण सावली न पाडताही मासा आपल्याला पाहतो. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. अपवर्तनामुळे आकाशाचा एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंतचा पूर्ण घुमट सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाबून बसवल्यासारखा होतो. एक मीटर खोलीवरच्या माशासाठी ही खिडकी पृष्ठभागावर सुमारे २.३ मीटर रुंद असते. तिच्याबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा चकाकतो. आता हिशेब करा. पाच मीटरवर उभा असलेला माणूस पाण्यापासून सुमारे १९ अंश उंच दिसतो. तोच उकिडवा बसला तर जेमतेम ९ अंश. दहा अंशांच्या खालचे सगळे खिडकीच्या काठाशी चेपून जाते आणि तिथून प्रकाशही कमीच आत शिरतो. जुने भोई काठापासून मागे सरकून, बसून गळ टाकतात, ते हेच साधण्यासाठी. नववी-दहावीच्या मुलांना कोनमापक देऊन हे कागदावर काढायला सांगावे.

वासाबद्दल लिहावे तितके थोडे. शिंगट्याच्या मिशा म्हणजे जणू बाहेर काढलेली जीभ. चवीच्या कलिका मिशांवर तर असतातच, पण अंगभरही पसरलेल्या असतात. गढूळ पाण्यात, रात्री, डोळ्यांचा उपयोग नसताना तो गांडूळ शोधतो तो या चवीवर आणि वासावर. प्रथिनांतून सुटणारी अमिनो आम्ले माशांना फार थोड्या प्रमाणातही ओळखू येतात, म्हणून चिरडलेले गांडूळ अखंड गांडुळापेक्षा लवकर सापडते. कणकेच्या गोळीत हिंग घालावा की घालू नये यावर मात्र काठाकाठावर वाद आहेत. दोन सारख्या काठ्या, एकीला हिंगाची गोळी, दुसरीला साधी, आणि वहीत नोंद: असा प्रयोग मुले आनंदाने महिनाभर करतील.

आता वेळेचा नियम. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सियसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना सुमारे ७. दुसरीकडे तापमान दहा अंशांनी वाढले की माशाची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. अकोल्याचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको. पारा पंचेचाळीसकडे गेला की उथळ पाण्यातला मासा खाण्याच्या मनःस्थितीत नसतो. तो खोल, सावलीच्या जागी निपचित पडून राहतो. म्हणून पहाटे या, असे म्हणतात. पण हा नियम डोळे मिटून पाळू नये. ज्या तळ्यात शेवाळ आणि पाणवनस्पती दाट असतात, तिथे त्या रात्रभर श्वसन करून प्राणवायू संपवतात आणि पहाटेच तो सर्वांत कमी असतो. अशा तळ्यात सूर्य वर येऊन वनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण सुरू होऊ द्यावे, मग काठी काढावी.

अकोला शहरातून जाणाऱ्या मोर्णेवर जलकुंभीचा गालिचा पसरतो. तो काढण्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये शहरातल्या लोकांनी मोठी मोहीम केली होती. जलकुंभीखाली उजेड पोचत नाही, सडलेली पाने प्राणवायू खातात, आणि रोहूसारखे मासे तिथे टिकत नाहीत. मरळ टिकते. तिच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक हवेची कोठडी असते. ती पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेते. ही सवय तिला इतकी जडलेली आहे, की जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर मरळ पाण्यात असूनही गुदमरते.

गळ टाकणाऱ्यांचे मरळीवर विशेष प्रेम. अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी लोक वेडे होतात, त्याच्याशी तिची सवय जुळते: वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून राहायचे आणि भक्ष्य जवळ येताच झडप घालायची. दोघींची पाठवणी जगाला महागात पडली. बास १९२५ साली जपानमध्ये नेला, तिथल्या तळ्यांतले देशी मासे त्याने संपवत आणले. उलट मरळीची एक चिनी बहीण २००२ साली अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात सापडली, तेव्हा तिला मारायला सरकारने ते तळेच विषारी औषधाने साफ केले.

पावसाळ्यात मरळीची पिल्ले लालसर झुबक्याने पृष्ठभागाशी फिरतात, आणि खाली पालक राखण करतात. या झुबक्याजवळ काहीही पडले की पालक त्यावर तुटून पडतो. भूक नसली तरी. गळ टाकणाऱ्याला ही हमखास संधी वाटते, पण राखणदार गेला की काही वेळात शेकडो पिल्ले इतर माशांच्या पोटात जातात. एका मरळीच्या बदल्यात पुढच्या सालच्या मरळी. माझ्या मते मुलांना झुबका दिसला तर काठी गुंडाळायला शिकवावे. मोठ्या धरणांत मासेमारी ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते आणि काटेपूर्णा जलाशयाचा परिसर तर अभयारण्य आहे, तेव्हा तिथे विचारल्याशिवाय गळ टाकूच नये. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणे तर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासूनच गुन्हा आहे.

अपघातांकडे वळू. गळाच्या टोकामागे उलटी जिभली असते. ती मासा सुटू देत नाही आणि बोटही सोडत नाही. बोटात गळ रुतला तर मागे ओढू नये, मांस फाटते. तंगूस कापावा, जखम झाकावी आणि दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे. डोळ्याजवळ रुतला असेल तर हातही लावू नये. शिकणाऱ्या मुलांच्या गळाची जिभली पकडीने दाबून सपाट करावी. दोन-चार मासे सुटतील, इतकेच. शिशाचे मणी दाताने दाबून तंगुसावर बसवायची मुलांची सवय मात्र ताबडतोब मोडली पाहिजे. शिसे विषारी आहे. लोखंडी नट तितकेच काम करतो. तंगुसाची गाठ घट्ट करण्याआधी ओली करावी. कोरडी ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमकुवत होतो आणि मोठा मासा नेमका तिथेच सुटतो.

शिंगट्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात. ते उभारल्यावर मुळाशी कुलूप लागल्यासारखे अडकतात, मासा मेला तरी तसेच राहतात. शिंगी या माशाच्या काट्यात तर विषही असते, आणि हात ठणकून निघतो. जखम धुऊन हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, अर्धा ते दीड तास ठेवावा. त्या विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात. पाणी आधी दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने पाहावे, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर काठी खाली ठेवून पक्क्या घरात जावे, काठावरच्या बाभळीखाली नव्हे. ओला बांबू वीजवाहक असतो. कालव्यावरून जाणाऱ्या तारांखाली लांब काठी उभी धरणे त्यामुळेच जिवावर बेतते.

सगळ्यांत वाईट अपघात मात्र साध्या कारणाने होतो. गळ तळाशी अडकतो आणि तो सोडवायला मुलगा पाण्यात उतरतो. गळ काही रुपयांचा असतो. ज्या अपवर्तनाने माशाला आपण दिसतो, तेच इथे आपल्याला फसवते: चार फूट खोल पाणी वरून तीन फुटांचे दिसते आणि तिरके पाहिले तर आणखी उथळ. वाटीत नाणे ठेवून पाणी ओतण्याचा प्रयोग प्रत्येक शाळेत होतो, पण तो नदीशी जोडला जात नाही. त्यात आपली काळी माती. ओली झाली की फुगते, साबणासारखी निसरते, आणि गाळात रुतलेला पाय वर ओढताना खाली पोकळी होऊन तो आणखीच धरला जातो. नदीतून वाळू उपसलेले खड्डे गढूळ पाण्यात दिसत नाहीत. म्हणून अडकलेला तंगूस कापायचा, हा एकच नियम शिक्षकांनी वारंवार सांगावा.

आणि कोणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारायची नाही. बुडणारा वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि एकाच्या जागी दोन जातात. बांबू पुढे करावा, दोर फेकावा. दोराला पाच लिटरचा रिकामा प्लास्टिक कॅन बांधलेला असला तर उत्तम. माणसाची घनता पाण्याइतकीच असल्यामुळे त्याला तरंगवायला फक्त डोक्याच्या वजनाएवढा आधार लागतो, आणि पाच लिटरचा कॅन सुमारे पाच किलोचा आधार देतो. हे बादलीत कॅन दाबून मुलांना हातानेच जाणवू द्यावे. गळ टाकायला जाणाऱ्या प्रत्येक टोळीबरोबर असा एक कॅन आणि दहा मीटर दोर असावा. कॅनचे झाकण घट्ट आहे ना, ते निघण्यापूर्वी पाहावे.