विमानतळावरचा दस्तरखान

तासगावहून कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर जायचं म्हणजे सांगली, जयसिंगपूर, हातकणंगले असा लांबचा रस्ता. रमजानमध्ये संध्याकाळचं विमान असलं की घरात दुपारपासूनच लगबग. बॅगेचं वजन नंतर, आधी डबा! लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादला निघालेल्या अम्मीच्या डब्यात खजूर, शेडवरचा नवा बेदाणा, कलिंगडाच्या फोडी आणि खिम्याचे चार पराठे असतात. फोडी घरीच करून घेतलेल्या, कारण सुरी आत नेता येत नाही.

अशा वेळी मुलगा हमखास म्हणतो, "अम्मी, आज रोजा राहू दे. मुसाफिराला सवलत आहे."

सवलत आहेच. सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी, दोघांनाही रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. राहिलेले रोजे मागाहून मोजून पूर्ण करायचे. पण एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हनफी मसलकानुसार सहेरी संपताना माणूस आपल्या गावातच असेल, तर दुपारी निघायचंय म्हणून त्या दिवशीचा रोजा टाळता येत नाही. पहाटेच्या आधीच गाव सोडलं असेल, तर गोष्ट वेगळी. आजाराचं मात्र तसं नाही. अम्मीला मधुमेह असेल तर रोजाचा निर्णय तिकीट पाहून नव्हे, डॉक्टरांना विचारून व्हावा. त्यात कमीपणा कसला? पण आपल्या घरातल्या बायका तो मानतात आणि दुखणं अंगावर काढतात.

उजळाईवाडीचा विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ चा. नव्या टर्मिनलचं उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झालं आणि १२ मार्चला त्या वर्षीचा पहिला रोजा होता. छोट्या विमानतळावर खाण्याची सोय बेताचीच असते. सामोसा, सँडविच, चहा मिळतो, पण मगरीबच्या नेमक्या क्षणी रांगेत उभं राहायचं की रोजा सोडायचा? म्हणून घरचा डबाच बरा. पाण्याची बाटली रिकामी न्यावी आणि तपासणीनंतर आत भरावी. भरलेली नेली तर कधी कधी एक घोट पिऊन दाखवायला सांगतात, आणि रोजेदाराची पंचाईत होते.

वेळेचंही भान हवं. पर्समध्ये तासगावच्या मशिदीचं वेळापत्रक असतं, पण उजळाईवाडी तासगावच्या पश्चिमेला. तिथे सूर्य मिनिट-सव्वा मिनिट उशिरा मावळतो. गावच्या वेळेवर खजूर तोंडात टाकला तर घाई होईल. हैदराबाद पूर्वेला, तिथे सूर्यास्त कोल्हापूरच्या सुमारे १७ मिनिटं आधी. विमान सूर्यास्तापूर्वीच उडालं तर दोन्ही गावांची घड्याळं बाजूला ठेवून खिडकीबाहेर पाहायचं. सूर्य दिसतोय तोवर थांबायचं. उंचावर तो जास्त वेळ दिसतो. दुबईच्या बुर्ज खलिफातही ८० व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांना दोन मिनिटं आणि १५० व्याच्या वर तीन मिनिटं उशिरा रोजा सोडायला सांगितलं गेलं, ते याच कारणाने. जमिनीवर वेळेत रोजा सोडला आणि वर गेल्यावर सूर्य पुन्हा दिसला, तर मात्र चिंता नाही. रोजा पूर्ण झालेला असतो.

मग खुर्चीवर रुमाल पसरला जातो. शेजारचा अनोळखी प्रवासी फोनमध्ये डोकं घालून बसलेला असतो. अम्मी आधी त्याच्यापुढे डबा धरते. "घ्या की, आमच्या तासगावचा बेदाणा आहे." तो संकोचतो, मग दोन दाणे उचलतो. तेवढ्यात विमानाची घोषणा होते आणि लेकीचा फोन येतो. "अम्मी, रोजा सोडलास ना? पाणी प्यायलीस?"