कुलूप नेमके काय सांगते?

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसले की संकेतस्थळ खात्रीचे, असे पुष्कळजण धरून चालतात. वर्षानुवर्षे ‘आधी कुलूप पाहा’ असेच शिकवले गेल्याने हा समज स्वाभाविकही आहे. पण कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचा फोन आणि त्या पत्त्यावरचे संकेतस्थळ यांच्यातला मजकूर एन्क्रिप्ट (फक्त दोन टोकांना उलगडेल असा सांकेतिक) होऊन जातो. स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर कोणी मध्येच डोकावले, तरी पासवर्ड त्याला वाचता येत नाही.

लाखेची मोहोर लावलेले पाकीट वाटेत कोणी फोडले नाही हे मोहरेवरून कळते. पण पत्ताच भामट्याचा असेल, तर ते शाबूत मोहरेनिशी त्याच्याच हाती पडते. बँकेच्या नावातले एखादे अक्षर फिरवून काढलेल्या बनावट संकेतस्थळालाही कुलूप मिळते. त्यासाठीचे प्रमाणपत्र (त्या पत्त्यावर अर्जदाराचा ताबा असल्याचा दाखला) ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था २०१५ पासून फुकट देते. पण संकेतस्थळाच्या मालकाची नियत तपासणे हे तिचे कामच नव्हे. हा गोंधळ ओळखून गूगलने २०२३ मध्ये संगणकावरच्या क्रोममधून कुलूप काढले आणि तिथे सेटिंगचे साधे चिन्ह ठेवले.